बंगालच्या उपसागराचं नाव लागलेला जंतू

गोंदिया तालुक्यातलं दवनीवाडा हे धानाच्या मुलखातलं गाव. आषाढात पाऊस धरला की रोवणी सुरू होते आणि माणसं दिवसचे दिवस बांधीतल्या चिखलात वाकलेली असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात, नडगीला धसकट लागतं, ओल्या कापडानं मांडी सोलवटते. अशा कातडीवर गळू उठलं तर कुणी त्याची बातमी करत नाही. करट, केसतूड, काखमांजरी, काळपुळी हे सगळे प्रकार घरोघरी ठाऊक असतात. पोटीस बांधायचं, पिकलं की पू काढायचा, दुखणं उतरलं की पुन्हा कामाला लागायचं, ही धानपट्ट्यातली जुनी रीत आहे.

या बहुतेक फोडांच्या मुळाशी एकच जंतू असतो: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण तीनातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात तो कसलाही त्रास न देता राहतो. मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत या जंतूच्या काही वंशांनी जे रूप घेतलं, त्याचा इतिहास आपल्याला फारसा कुणी सांगितलेला नाही. त्यातला एक वंश आपल्याच उपखंडात जन्मला आणि इथून जगभर गेला. तो मुंबईच्या एका रुग्णालयात मोठ्या संख्येनं सापडला. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर एक फरक आधीच मनाशी पक्का करावा लागतो. औषधाला दाद न देणं हा जंतूचा एक गुण आणि माणसाला इजा करण्याची ताकद हा दुसरा. वर्तमानपत्रं दोन्हींना मिळून ‘सुपरबग’ म्हणतात, आणि त्या एका शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं. एखादा वंश औषधांपुढे अजिंक्य असूनही स्वभावानं मंद असू शकतो. दुसरा साध्या पेनिसिलिननं मरणारा असूनही कोवळ्या पोराचा जीव दोन दिवसांत घेऊ शकतो. दोन्ही गुण एकाच वंशात कधी आणि कसे एकत्र आले, हाच या इतिहासाचा गाभा.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवाच्या पुवात हे गोल जंतू पाहिले. द्राक्षाच्या घडासारखे झुबके दिसले म्हणून १८८२ मध्ये त्यांनी स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं. दोन वर्षांनी जर्मनीच्या रोझेनबाख यांनी सोनेरी रंगाची जात वेगळी काढली. तिच्यावर खात्रीचं औषध मात्र पुढची जवळजवळ साठ वर्षं नव्हतं. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं गेलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यात आणि डोळ्यात स्टॅफिलोकॉकस आणि त्याचा भाऊबंद स्ट्रेप्टोकॉकस असे दोन्ही घुसले होते. ताप उतरला, भूक लागली. मग औषधच संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा देण्यापर्यंत मजल गेली, तरी १५ मार्चला तो दगावला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४२ मध्ये, पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस अमेरिकेत नोंदले गेले. औषध अजून बाजारात नीट आलेलंही नव्हतं.

आपल्याकडे पेनिसिलिन घरचं झालं ते पिंपरीत. हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी यांनी भारतानं आपली औषधं आपण बनवावीत असा ध्यास धरला होता. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. युनिसेफनं यंत्रं दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं तांत्रिक मदत केली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातलं हे एक उजळ पान आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. न्यूमोनियानं, बाळंतरोगानं, जखम चिघळल्यानं मरणारी कितीतरी माणसं या औषधानं वाचवली. पण त्याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला याच जंतूचा एक वंश पेनिसिलिन पचवून उभा राहिला होता.

१९५३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या प्रसूतिगृहांत नवजात बाळांना आणि त्यांच्या आयांना फोड येऊ लागले. आयांच्या स्तनांत गळवं झाली, काही बाळांना न्यूमोनियानं गाठलं. सिडनीच्या फिलिस राउंट्री यांनी हा वंश ओळखला आणि तो ‘८०/८१’ या क्रमांकानं प्रसिद्ध झाला. तो ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, सगळीकडे पसरला. पेनिसिलिन त्याला मारत नव्हतं, शिवाय तो धडधाकट माणसालाही आजारी पाडत होता. दोन्ही गुण एका ठिकाणी येण्याची ही पहिली मोठी वेळ. १९५९ मध्ये पेनिसिलिनच्याच कुळातलं मेथिसिलिन आलं आणि ८०/८१ चा जोर साठच्या दशकात ओसरला. पुढे कित्येक वर्षांनी त्याचे जपून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा त्यात पीव्हीएल नावाच्या विषाची जनुकं निघाली. पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेलं हे विष आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना भोकं पाडून मारतं. पुढच्या सगळ्या वादात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

मेथिसिलिनला वापरात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९६१ मध्ये लंडनजवळच्या कॉलिंडेल इथल्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांना त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हे नाव तिथून आलं. या जंतूंनी मेकए नावाचं जनुक बाहेरून मिळवलं होतं. ते असलं की जंतूची भिंत बांधणारं प्रथिनच बदलतं आणि पेनिसिलिनच्या कुळातली जवळजवळ सगळी औषधं वाया जातात. ॲमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायक्झोन ही आपल्या दवाखान्यांत रोज लिहिली जाणारी नावं याच वाया जाणाऱ्यांत येतात.

तरीही पुढची तीस वर्षं एमआरएसए रुग्णालयापुरता राहिला. अतिदक्षता कक्षातला म्हातारा, शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, शिरेत नळी असलेला माणूस हे त्याचे बळी. बाहेरच्या निरोगी माणसाला तो क्वचितच शिवत असे. याचं कारण पुढे उलगडलं. रुग्णालयी वंशांनी मेकए ज्या तुकड्यावर वाहून आणलं होतं तो लांबलचक आणि जड होता. त्याचा भार जंतूला सोसावा लागतो. विषं कधी बनवायची हे ठरवणारी ‘एजीआर’ नावाची यंत्रणा अशा वंशांत मंद पडते आणि औषधापासून बचाव मिळाला तरी मारा बोथट होतो. ८०/८१ च्याच कुळातल्या नंतरच्या रुग्णालयी वंशाच्या जनुकांत असे बदल सापडले, की अल्फा नावाचं विष बनवण्याची त्याची ताकद जवळजवळ गेली होती. रुग्णालयात आजारी माणसं आयती मिळत असताना जंतूला फार मारकं असण्याची गरजही नव्हती.

हा समतोल बिघडला तो शहरी रुग्णालयांपासून लांब. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, दूरवरच्या आदिवासी वस्त्यांमध्ये, नव्वदच्या दशकाच्या आरंभी असे एमआरएसए आढळले ज्यांचं कुठल्याही रुग्णालयाशी नातं जुळत नव्हतं. दाटीची घरं, उष्ण हवा, पाण्याची टंचाई आणि कातडीचे जुने रोग अशी तिथली स्थिती होती. आपल्याकडच्या वाचकाला हे वर्णन परकं वाटू नये. या वंशांवर मेकएचा तुकडा आखूड होता, चौथ्या प्रकारचा. तो उचलून नेताना जंतूला दम लागत नव्हता. पण त्यातल्या बहुतेकांत पीव्हीएल नव्हतं आणि त्यांचा उपद्रव मुख्यतः कातडीपुरता राहिला.

अमेरिकेत जे घडलं ते वेगळं होतं. १९९७ ते १९९९ या काळात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत चार निरोगी मुलं दगावली. त्यातली दोन जेमतेम वर्ष-दीड वर्षाची होती. चौघांनाही सुरुवातीला सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध दिलं गेलं होतं, कारण घरातून आलेल्या मुलाच्या अंगात एमआरएसए असेल ही शंका तेव्हा कुणाच्या मनाला शिवत नव्हती. ऑगस्ट १९९९ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा वैद्यकविश्व हादरलं. या वंशाला पुढे यूएसए ४०० म्हटलं गेलं. काही वर्षांतच त्याला बाजूला सारून यूएसए ३०० पुढे आला. तो तुरुंगांत, लष्करी छावण्यांत, खेळाडूंमध्ये पसरला. २००३ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्स या फुटबॉल संघाच्या ५८ खेळाडूंपैकी पाच जणांना आठ गळवं झाली. मैदानावर सोलवटलेली कातडी, सामायिक टॉवेल आणि पुन्हा पुन्हा घेतलेली प्रतिजैविकं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, अमेरिकेतल्या ११ शहरांच्या आपत्कालीन विभागांत कातडीच्या संसर्गाचे रुग्ण तपासले गेले. ५९ टक्क्यांत एमआरएसए निघाला आणि त्यातला जवळजवळ सगळा यूएसए ३०० होता.

मग प्रश्न उभा राहिला: एक वंश किंबर्लीत फोड करून थांबतो आणि दुसरा मिनेसोटात मूल मारतो, ते का? संशय पहिल्यांदा पीव्हीएलवर गेला. त्याला आधारही होता. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये स्टॅफिलोकॉकसच्या न्यूमोनियाचे रुग्ण दोन गटांत मांडले. पीव्हीएल असलेल्या जंतूचे १६ आणि नसलेल्याचे ३६. पहिल्या गटाचं मध्यवय १५ च्या आत होतं, दुसऱ्याचं ७० वर्षं. कोवळ्या वयाची ही मुलं फ्लूसारख्या तापानं सुरुवात होऊन काही दिवसांत खोकल्यातून रक्त टाकत जात होती. दोन दिवसांनंतर पहिल्या गटातले ६३ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ९४ टक्के.

तरी २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या माँटानातल्या प्रयोगशाळेनं पीव्हीएल काढून टाकलेले वंश उंदरांना टोचून पाहिले आणि उंदरांच्या आजारात काहीच फरक पडला नाही. लगेच २००७ मध्ये दुसऱ्या गटाचं उलट उत्तर आलं: उंदरांची फुप्फुसं पीव्हीएलमुळेच सडतात. त्याच वर्षी मायकेल ऑटो यांच्या गटानं वेगळाच आरोपी पुढे केला. फिनॉल-विद्राव्य मॉड्युलिन या नावाची छोटी प्रथिनं बाहेरचे वंश रुग्णालयी वंशांपेक्षा कितीतरी जास्त बनवतात आणि पांढऱ्या पेशी फोडतात. काही वर्षं हा वाद कडवट चालला. त्याचा मोठा भाग सुटला तो २०१० मध्ये, आणि उत्तर जंतूपेक्षा प्रयोगाच्या प्राण्यात होतं. पीव्हीएल माणसाच्या आणि सशाच्या पांढऱ्या पेशी मिनिटांत मारतं, पण उंदराच्या पेशींना जवळजवळ काहीच करत नाही. २०१३ मध्ये त्याचं कारणही सापडलं. हे विष पेशीवरच्या ज्या खुणेला चिकटतं ती खूण उंदरात वेगळ्या घडणीची असते. उंदरांवरून माणसाचा निवाडा करणाऱ्या किती निष्कर्षांना यानं धक्का दिला असेल, याचा विचार आजही व्हायला हवा.

आजची समजूत अशी आहे की मारकपणा एका विषावर तोललेला नसतो. अल्फा विष, मॉड्युलिनं, पीव्हीएल आणि या सगळ्यांना हुकूम देणारी एजीआर यंत्रणा ज्या वंशात जोरात असते तो वंश घातक. ऑस्ट्रेलियातला एसटी ९३ हा वंश मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये मेणकिड्यांच्या अळ्यांत आणि उंदरांच्या कातडीत तपासला, तेव्हा तो यूएसए ३०० पेक्षाही जबर ठरला. पुढे मुख्य जबाबदारी अल्फा विषाची निघाली.

आता आपल्याकडे येऊ. भारतात बराच काळ एमआरएसए म्हणजे रुग्णालयी एसटी २३९ असंच समीकरण होतं. २००८-०९ मध्ये देशातल्या १५ मोठ्या रुग्णालयांनी मिळून २६,३१० नमुने तपासले तेव्हा एमआरएसएचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास निघालं. पण हा आकडा वंश सांगत नाही. वंश सांगितला तो मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयानं. डिसूझा, कॅमिला रॉड्रिग्ज आणि अजिता मेहता यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चारशेहून अधिक एमआरएसए नमुन्यांची जनुकीय ओळख पटवली होती. जुन्या रुग्णालयी प्रकाराचे नमुने आता अल्पसंख्य होते. जड तुकड्याची जागा हलक्या, चौथ्या आणि पाचव्या प्रकारच्या तुकड्यांनी घेतली होती आणि त्यांच्यासोबत पीव्हीएल मोठ्या प्रमाणात होतं. दोन वंश पुढे आले होते: एसटी २२ आणि एसटी ७७२. महाराष्ट्रातल्या सूक्ष्मजीवशास्त्राचं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण नुसती टक्केवारी मोजण्यापलीकडे जाऊन त्यानं आपल्या फोडांत नेमकं कोण बसलं आहे ते नावानिशी सांगितलं.

एसटी २२ ची गंमत पाहण्यासारखी आहे. हाच वंश ब्रिटनमध्ये १९९१ पासून ईएमआरएसए-१५ या नावानं रुग्णालयं व्यापून बसला होता. तिथं त्याच्यात सहसा पीव्हीएल नसायचं. भारतातल्या एसटी २२ मध्ये ते वारंवार सापडतं. कागदावर दोघांचा क्रमांक एकच, औषधाला नकार देण्याची मुख्य तऱ्हाही एकच, पण तब्येतीनं धडधाकट माणसाच्या दृष्टीनं हे दोन वेगळे शत्रू आहेत.

एसटी ७७२ तर खास आपला. २००४ च्या सुमारास बांगलादेशात आणि भारतात त्याची ओळख पटली आणि पुढे त्याला ‘बंगालच्या उपसागराचा वंश’ हे नाव मिळालं. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या सहकाऱ्यांसह त्याचे ३४० नमुने गोळा करून त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यातून निघालेली वंशावळ अशी: मूळ भारतीय उपखंडात, १९६० च्या दशकाच्या आरंभी. उपखंडाबाहेरचा प्रवास १९९० च्या दशकात. परदेशातल्या बऱ्याच रुग्णांचा धागा भारतीय उपखंडातल्या प्रवासाशी किंवा घरच्या नात्यांशी जुळत होता. पिंपरीत पेनिसिलिनची पिंपं भरू लागल्यावर काही वर्षांतच हा वंश उपखंडात कुठेतरी फुटला. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या दशकांत आपण प्रतिजैविकं स्वस्त केली, मग दुकानात सहज मिळणारी केली, त्याच दशकांत त्याचं अंग भरत गेलं हे कालक्रमानं दिसतं.

अंग भरत गेलं ते असं. मेकएचा पाचव्या प्रकारचा हलका तुकडा तर त्याच्याकडे होताच. त्यात अनेक औषधांचा प्रतिकार वाहून आणणारा आणखी एक तुकडा त्याच्या गुणसूत्रात येऊन बसला आणि एरिथ्रोमायसिन, जेंटामायसिनच्या गटातली औषधं निकामी झाली. ट्रायमेथोप्रिमला दाद न देणारं जनुकही त्याच्याकडे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनला बाद करणारे बदल वेगळे झाले. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं गळवावरचं भरवशाचं औषध, को-ट्रायमॉक्सेझोल, इथं आंधळेपणानं चालत नाही, ते ट्रायमेथोप्रिम हा त्याचा घटक असल्यामुळे. आणि एवढा भार घेऊनही विषं गाठीशी राहिली. पीव्हीएल आहे. ज्या विषाणूनं ते जनुक जंतूत आणलं, त्याच विषाणूवर एंटरोटॉक्सिन-ए या विषाचंही जनुक बसलेलं बंगळूरच्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळलं. यूएसए ३०० घातक होता, पण त्याच्यावर चालणारी स्वस्त औषधं बरीच होती. रुग्णालयी एसटी २३९ वर औषधं कमी होती, पण तो रुग्णालयाबाहेर फिरकत नव्हता. एसटी ७७२ रुग्णालयाबाहेर फिरतो, विष बाळगतो आणि औषधंही नाकारतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट हीच.

गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आहे. पूर्व आणि पश्चिम दोन्ही दिशांनी माणसं इथून कामाला जातात आणि परततात. मुंबईत सापडलेला वंश मुंबईतच थांबला असेल असं समजायला जागा नाही. अडचण अशी की खेड्यातल्या गळवाचा पू सहसा प्रयोगशाळेपर्यंत पोचतच नाही. आपले आकडे मोठ्या रुग्णालयांचे आहेत. दवनीवाड्यासारख्या गावात माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो, चार गोळ्या घेतो, दोन खातो. फोड आपसूक फुटतो आणि बरं केल्याचं श्रेय गोळीला मिळतं.

ते श्रेय किती खोटं असू शकतं, हे अमेरिकेतल्या पाच आपत्कालीन विभागांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं दाखवलं. गळवाला चिरा देऊन पू काढल्यावर काहींना को-ट्रायमॉक्सेझोल दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. औषध मिळालेले ८०.५ टक्के बरे झाले, न मिळालेले ७३.६ टक्के. म्हणजे खरं काम चिऱ्यानं केलं आणि योग्य औषधानं त्यात भर घातली. सुश्रुतसंहितेतही पिकलेल्या विद्रधीला शस्त्रानं वाट करून द्यावी असंच सांगितलं आहे. चुकीचं औषध मात्र जंतूला शिकवून जातं. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकं ‘एच-१’ अनुसूचीत आली; ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. हा नियम तालुक्याच्या बाजारात पाळला जातो की नाही, हे गावकऱ्यांनीच बघायचं आहे.

गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिथं जंतुपरीक्षा होते तिथं निर्जंतुक काडीवर घेतलेला पू गेला, तर मेकए असलेला जंतू सेफॉक्सिटिनच्या साध्या चकतीवर ओळखता येतो आणि क्लिंडामायसिन, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड यांपैकी काय चालेल हेही कळतं. म्हणून रोवणीच्या दिवसांत मोठं किंवा वारंवार येणारं गळू घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा पू तपासायला पाठवा असं डॉक्टरांना सांगा. फोड दाबू नका, टॉवेल आणि वस्तरा वेगळा ठेवा, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. आणि फोड आलेल्या घरातल्या लेकराला तापासोबत धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री गोंदिया गाठा.